गोळीची बैठक

मलकापूरहून भुसावळच्या दिशेने निघालं की मुक्ताईनगर मागे पडतं आणि थोड्याच वेळात महामार्गावर वरणगाव येतं. इथली आयुध निर्माणी १९६४ सालची. जवानांच्या रायफलींना लागणारी ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसं इथे तयार होतात. बुलढाणा जिल्ह्याची हद्द इथून फार लांब नाही. घाटाखालच्या तालुक्यांत आयटीआय झालेल्या पोरांना वरणगाव-भुसावळच्या अप्रेंटिसच्या जाहिराती पाठ असतात.

जिल्ह्याच्या उत्तरेला दुसरं टोक आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांच्या डोक्यावर सातपुडा उभा आहे आणि डोंगरापलीकडे मध्य प्रदेशचा बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो. तिथल्या पाचोरी गावाचं नाव गावठी पिस्तुलांच्या गुन्ह्यांत पुन्हा पुन्हा येतं. 'एक देशी कट्टा व जिवंत काडतुसे जप्त' ही बातमी इकडच्या पेपरात नवलाची राहिलेली नाही.

एकीकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारा कारखाना आणि दुसरीकडे हाताला लागेल त्या पाइपाची नळी. या दोहोंच्या मधे परवान्याची बंदूक असलेला साधा शेतकरी आहे. त्याच्या घरी बाप-आज्याच्या वेळची बंदूक असते, कपाटात काडतुसांचा जुना डबा असतो आणि रानात डुकरं असतात. डब्यातलं एखादं काडतूस बंदुकीत नीट बसत नाही, एखाद्याची गोळी हाताला हलते, एखाद्याच्या मानेवर बारीक रेघ दिसते. अशा वेळी माणूस काय करतो? आपल्याकडचा रिवाज ठरलेला आहे. पंपाची मोटर असो की ट्रॅक्टरचा पंखा, आधी खोलून बघायचं. काडतुसाच्या बाबतीत हा रिवाज का चालत नाही, ते समजून घेण्यासाठी गोळी पुंगळीत बसते कशी, इथून सुरुवात करायला हवी.

मानेतली पकड

रायफलीच्या काडतुसात चारच वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, टोपीची ज्वाला दारूला भिडते आणि दारूचा वायू होतो. त्या दाबाने पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा अरुंद भाग, फुगते, गोळीवरची पकड सुटते आणि गोळी पुढे सरकून नळीतल्या पिळदार आट्यांत शिरते. पुंगळी सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताच्या पितळेची असते. हे पितळ फुगतं, नळीच्या भिंतीला चिकटून वायू मागे येऊ देत नाही आणि काम झालं की जरासं आकसून मोकळं होतं.

आता आकडे बघा. ७.६२ बाय ५१ या काडतुसाच्या गोळीचा व्यास ७.८२ मिलिमीटर असतो. पुंगळीच्या मानेचं आतलं माप त्याहून साधारण ०.०५ मिलिमीटरने कमी ठेवतात. डोळ्याला न दिसणारा हा फरक गोळीला धरून ठेवतो. अमेरिकी लष्कराच्या मानकाप्रमाणे या काडतुसातली गोळी उपसायला किमान ६० पौंडांची, म्हणजे सुमारे २७ किलोची ओढ लागली पाहिजे. पूर्ण काडतुसाची लांबी ७१.१ मिलिमीटरच्या वर जाऊन चालत नाही. याच मापाचं नागरी काडतूस, .३०८ विंचेस्टर, युरोपीय मानकानुसार ४१५ मेगापास्कलपर्यंत दाब सोसेल असं धरलेलं असतं. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर चार टनांहून जास्त. हे सगळं नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर घडतं.

म्हणून गोळी किती खोल बसली, किती घट्ट बसली आणि सरळ बसली की तिरकी, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. गोळी जास्त आत गेली तर पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब चढतो. जास्त बाहेर राहिली तर काडतूस नळीत भरतानाच ती आट्यांत रुतते, आणि तरीही दाब चढतोच. पकड ढिली असेल तर मॅगझिनमधून वर सरकताना लागलेल्या धक्क्याने गोळी आत दबते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे न झाडलेलं काडतूस परत काढताना गोळी नळीतच अडकते, पुंगळी एकटी बाहेर येते आणि दारू बंदुकीच्या कळांमध्ये सांडते. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला तर पाचर मारता येते. इथे पाचर मारायला जागा नाही.

बिघाडांचं कुळ

अमेरिकेत झाडलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणं हा रूढ छंद आहे आणि स्वतःपुरतं भरायला तिथे केंद्र सरकारचा परवानाही लागत नाही. गॅरेजमध्ये टेबलाला हातप्रेस जखडलेला असतो, त्यात पोलादी डाय बसवतात आणि दांडा खाली ओढला की गोळी मानेत उतरते. ऐकायला हे सोपं आहे. ज्यांना त्याची सवय आहे त्यांच्याही बहुतेक तक्रारी या एका टप्प्याभोवती फिरतात, आणि त्या तक्रारींतून काडतूस कसं चालतं ते चांगलं कळतं.

पहिली तक्रार लांबीची. एकाच बैठकीत भरलेल्या वीस काडतुसांची लांबी वीस तऱ्हेची निघते. कारण शोधलं तर बरेचदा दोष गोळीच्या टोकाचा असतो. शिशाचं मऊ टोक ठेचकाळतं, प्रत्येकाचं वेगळं. डाय टोकावर दाबत नाही, टोकाखालच्या गोलाईवर दाबतो. म्हणून जाणकार माणूस टोकापासून माप घेत नाही, गोलाईपासून घेतो. मग तीच वीस काडतुसं पुष्कळदा एकसारखी निघतात. मात्र डायमधला दट्ट्या त्या गोळीच्या आकाराचा नसेल तर गोळीवर गोल कडं उमटतं. ते कडं दिसलं की समजायचं, लांबीचा घोळ इथला आहे.

दुसरी तक्रार हाताला जाणवते. एक गोळी लोण्यात सुरी जावी तशी उतरते आणि पुढचीला सगळा जोर लावावा लागतो. पितळ वारंवार फुगून आकसून कडक झालेलं असतं, आणि कडक पितळ प्रत्येक पुंगळीत सारखं कडक नसतं. त्यामुळे पकड वेगवेगळी, पकड वेगळी म्हणून दाब वेगळा आणि दाब वेगळा म्हणून गोळी वेगळ्या जागी. यावर उपाय म्हणजे मानेला ठरावीक उष्णता देऊन पितळ पुन्हा मऊ करणं. फक्त मान मऊ करायची, बूड नाही. बूड मऊ झालं तर चार टनांचा दाब अडवायला काही उरत नाही.

तिसरी तक्रार तांब्याच्या कातरणीची. पुंगळीच्या तोंडावर कापताना राहिलेली धार असेल तर ती गोळीचं कवच सोलते आणि तांब्याची कुरळी तार निघते. चौथी तक्रार मान आवळण्याची. गोळीच्या अंगावर खाच असते, त्या खाचेत पुंगळीची कड वळवून घट्ट करतात. पुंगळ्यांची उंची कमी-जास्त असेल तर उंच पुंगळी जास्त आवळली जाते, तिचा खांदा किंचित फुगतो आणि काडतूस नळीत शिरायला नकार देतं. फुगवटा इतका बारीक असतो की नजरेला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पाचवी तक्रार तिरकेपणाची. गोळी बाहेरून शाबूत, लांबी बरोबर, पकड बरोबर, पण मानेत केसभर कललेली. अशी गोळी नळीत शिरतानाच डगमगते.

या पाचही तक्रारींत एक गोष्ट समान आहे. दोष दिसतो गोळी बसवताना, पण त्याचं मूळ बहुधा आधीच्या टप्प्यात असतं. पितळ कडक झालेलं, तोंड खडबडीत, उंची असमान. निर्माणीत पितळेच्या वाटीपासून पुंगळी ओढताना दर टप्प्यावर धातू तापवून मऊ करतात, उंची कापतात, तोंड साफ करतात, मान पुन्हा तापवतात आणि मग गोळीची वेळ येते. बसवल्यानंतर मापं, वजन आणि नमुन्यांची चाचणी. खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत हे काम १८६९ पासून चाललं आहे. आता वरणगाव आणि खडकी या दोन्ही निर्माण्या १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातल्या सरकारी कंपनीत आहेत.

निवड, दुरुस्ती नव्हे

नेमबाजीच्या खेळात काडतुसाचा प्रश्न कसा सोडवतात, ते इथे बघण्यासारखं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं, पन्नास मीटरवर. त्यासाठी .२२ बोअरचं बारकं काडतूस वापरतात. त्याला वेगळी टोपी नसते. पेटणारं द्रव्य बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. त्यामुळे ते घरी पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही.

मग अव्वल दर्जाचे नेमबाज काय करतात? नळी शिकंज्यात पक्की धरून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून बघतात. ज्या लॉटच्या गोळ्या त्या नळीतून सगळ्यांत जवळजवळ पडतात, तो लॉट विकत घेऊन ठेवतात. बाकीचे सोडून देतात. गोळी हलवत नाहीत, मान आवळत नाहीत, काही खोलत नाहीत. ऑलिंपिकच्या पातळीवरही काडतुसाशी वागायची रीत निवडण्याची आहे. शेतकऱ्याने याहून वेगळं काही करायचं कारण नाही.

कायद्याची बाजू

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २ वाचलं तर एक गोष्ट ध्यानात येते. 'दारूगोळा' या व्याख्येत नुसतं काडतूस नाही. काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस तयार करण्याची यंत्रसामग्रीही त्यातच मोडते. कलम ५ प्रमाणे शस्त्र किंवा दारूगोळा तयार करणं, विकणं, बदलणं, दुरुस्त करणं, यांतल्या कशालाही वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. परदेशातून येताना कुणी हौसेने एखादा डाय बॅगेत टाकून आणला, तर तो आपल्या कायद्याच्या दृष्टीने पान्यासारखं अवजार ठरत नाही.

नागरिकांच्या रायफलींचं काडतूसही वेगळं असतं. इछापूरच्या रायफल फॅक्टरीची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल परवानाधारकांच्या परिचयाची आहे. तिचं आठ मिलिमीटरचं काडतूस, बुडावर 'के एफ', म्हणजे खडकीचा शिक्का. कट्ट्यासोबत जप्त झालेल्या काडतुसांच्या बातम्यांतही हाच शिक्का दिसतो. काडतूस कारखान्याचं, मोजून-मापून केलेलं. नळी मात्र कुणीतरी पाइप कापून केलेली. गोळी मानेत कितीही नीट बसली असली तरी पुढे तिला धरायला आटे नाहीत, पुंगळीला टेकायला मापाची भिंत नाही. कट्टा फुटून हात गेला तर त्यात गूढ काही नसतं.

जिथे घरीच भरावं लागतं

घरच्या घरी गोळी बसवायची रीत आपल्याकडे अजिबात नाही, असं मात्र नाही. ठासणीची बंदूक हे तिचं ठिकाण. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये तिचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, असे परवाने देण्याची तरतूद त्यात आहे. ठासणीला पुंगळी नसते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गुंडाळी सारायची, मग गोळी किंवा छर्रे, आणि पुन्हा गुंडाळी. सगळं गजाने खाली ठासायचं. मागे टोपी लावायची.

इथेही सगळा खेळ बैठकीचा आहे. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर दाबाची लाट गोळीच्या बुडाशी अडते आणि नळी त्याच जागी फुगते किंवा फाटते. जुनी माणसं गजावर खूण ठेवत. दारू आणि गोळी भरल्यावर गज खुणेपर्यंत गेला तर गोळी बसली. खूण बाहेर राहिली तर नळीत काजळी आहे, गुंडाळी जाड आहे किंवा गोळी अर्ध्यात अडकली आहे. खूण खाली गेली तर दारूच घातलेली नाही. आणि गज भलताच बाहेर राहिला तर आधीचा बार नळीत तसाच आहे आणि त्यावर दुसरा भरला गेला आहे. एका रेघेवरून पाच दोष ओळखणारी ही तपासणी कारखान्यातल्या गेजपेक्षा कमी नाही. काळ्या दारूची काजळी पावसाळी हवेत ओल धरते आणि चार-दोन बारांतच नळी आवळते. म्हणून प्रत्येक बारानंतर ओलं फडकं, मग कोरडं फडकं. ज्यांनी हे टाळलं, त्यांची नळी कुठे फुगली ते बोटाने चाचपून कळतं.

गोठा, खत आणि पितळ

काडतुसाच्या मानेचा सर्वांत विलक्षण बिघाड जगाला पहिल्यांदा भारतातच दिसला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेत पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा तबेल्यांत रचून ठेवत. पाऊस सरल्यावर काडतुसं काढली की कितीतरी पुंगळ्या तडकलेल्या निघत, आणि त्या नेमक्या गोळी धरलेल्या मानेवर. ऋतूनुसार येणारा दोष म्हणून इंग्रजांनी त्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हटलं. त्याचं कोडं १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतली ओल आणि पितळेत घडणीच्या वेळी उरलेला ताण या तिघांनी मिळून धातू चिरला होता. मानेत गोळी दाबून बसवलेली, म्हणून ताण तिथे सर्वाधिक. उपाय म्हणजे मान तापवून ताण काढणं. लष्करी काडतुसाच्या मानेपाशी आणि खांद्यावर दिसणारी निळसर-तपकिरी झाक हा त्याच तापवण्याचा डाग आहे. तो मळ नाही, घासून काढायची गरज नाही.

बुलढाण्याच्या घरांना हे लागू पडतं. तबेला गेला, गोठा आहे. कोठीत एका कोपऱ्यात ओल धरलेलं खत असतं, वर पत्रा असतो. घाटावर बुलढाणा शहरात हवा बरी असली तरी घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावला मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो, आणि पत्र्याखालच्या पेटीत त्याहून वर. दारू तापली की दाब चढतो आणि वर्षानुवर्षं तापत राहिली की बिघडते. उन्हाळ्यात ताप, पावसाळ्यात ओल आणि बारमाही अमोनिया: मान चिरायला याहून जास्त काही लागत नाही. अशी पुंगळी झाडली तर चिरेतून वायू मागे उसळू शकतो. गोळी पकडलेली दिसते, पण पकड राहिलेली नसते.

बारा बोरच्या काडतुसात अशी मान नसते, तिथे छर्ऱ्यांच्या तोंडावर घडी घातलेली असते. म्हणून त्याचे दोष वेगळे. जुनी कागदी काडतुसं दमट हवेत फुगतात आणि नळीत बसत नाहीत. खडकीच्या 'शक्तिमान' काडतुसांचा जुना डबा ज्याच्याकडे आहे, त्याने फुगलेलं काडतूस ठोकून बसवू नये. टोपी बुडालाच असते.

रानातला हिशेब

हे सगळं कशासाठी? मोताळा, मलकापूरकडचा मका, घाटावरचं सोयाबीन आणि हरभरा रानडुकरं एका रात्रीत लोळवतात. रोही येतात ते वेगळेच. शेतकऱ्याचा संताप खोटा नाही. पण डुक्कर मारायलाही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ प्रमाणे लेखी परवानगी लागते, बंदुकीचा परवाना खिशात असला तरी. आणि याच रानात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरहून निघालेला वाघ शेकडो कोस चालत २०१९ च्या डिसेंबरात इथे पोचला होता. रात्री बॅटरीच्या उजेडात चमकणारे दोन डोळे कुणाचे, हे बार निघाल्यावर कळून उपयोग नाही. परवानगी मिळाली, जनावर ओळखू आलं, आणि मग काडतूस बिघडलेलं निघालं, तर धोका जनावरापेक्षा माणसाला जास्त.

तेव्हा परवानाधारकांना एवढंच सांगणं. काडतुसं घरातल्या कोरड्या, थंड जागी कुलपात ठेवा. गोठ्यात, खताजवळ आणि पत्र्याखाली नको. वर्षातून एकदा उजेडात एकेक बघा: मानेवर चीर, हिरवट गंज, हाताला फिरणारी गोळी, आत दबलेली किंवा बाहेर आलेली गोळी. यांतलं काहीही दिसलं तर ते काडतूस बाजूला काढा, घासू नका, दाबू नका, खोलू नका, विहिरीत टाकू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्या आणि परवान्यावर नोंद करून घ्या. चाप ओढल्यावर बार झाला नाही तर नळी रिकाम्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर नळीत गोळी अडकली आहे असं धरून चाला आणि नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय दुसरं काडतूस भरू नका. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो. त्या वेळी काडतुसांचा जुना डबाही सोबत न्या आणि दाखवून घ्या. बिघडलेलं काडतूस दुरुस्त करायची वस्तू नाही, परत करायची आहे.